दुसऱ्याच्या हौसेचं पाणी

फ्लॅट विकणारा माणूस एक वाक्य हटकून बोलतो. "नुसत्या फर्निचरला आठ लाख घातलेत हो!" घेणारा वरवर मान डोलावतो आणि मनात हिशोब करतो, की हे सगळं उचकटून टाकायला किती लागतील? गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. हौसेने करून घेतलेली वस्तू करणाऱ्याला जेवढ्याला पडते, तेवढ्याची ती दुसऱ्या कुणालाच वाटत नाही.

हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमच्या घराण्यात पंधरा दिवसांपासून चाललेला एक वाद. माझी भाची (ताईची धाकटी) आर्किटेक्ट मंडळींना बंगल्यांची, दुकानांची थ्रीडी चित्रं करून देते. घरूनच काम करते. तिला जुना कॉम्प्युटर आता पुरत नाही. तिने एक सेकंडहँड मशीन हेरलंय. विकणारा मुलगा परदेशी शिकायला निघालाय. मशीन २०२१ साली त्याने स्वतः बांधलेलं, आत रायझन ९ ५९००एक्स आणि आरटीएक्स ३०८०, आणि सगळं काही पाण्यावर थंड होणारं. काचेच्या पेटीतून दुधासारखं पांढरं पाणी फिरतंय, कडक पारदर्शक नळ्या काटकोनात वळवलेल्या... फोटो बघून मीसुद्धा दोन मिनिटं गप्प झालो. मागणी सव्वा लाख. भाची म्हणते, "मामा, घेऊ का?" ताई म्हणते, "विजेच्या वस्तूत पाणी? मुळीच नको." भावजी म्हणतात, "तिचे पैसे, तिचं ती बघेल."

पैसे तिचेच आहेत, हे खरं. दीड वर्ष साठवलेले आहेत आणि दुसरं मशीन घेण्याइतके लगेच पुन्हा साठणार नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. नातेवाईक वाचतातच, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असा हट्ट चालू असेल त्यांनाही उपयोग होईल.

आधी ताईची शंका. कॉम्प्युटरमध्ये पाणी घालणं हा वेडेपणा आहे का? अजिबात नाही. एका घनफळाची हवा जेवढी उष्णता उचलते, त्याच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता तेवढंच पाणी उचलतं, तेही तेवढ्याच तापमानवाढीत. म्हणून तर गाडीच्या इंजिनाला रेडिएटर असतो. इथेही तेच. प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स कार्डच्या डोक्यावर तांब्याचा एकेक पोकळ ठोकळा बसवतात, त्याला वॉटर ब्लॉक म्हणतात. छोटा पंप त्यातून पाणी फिरवतो, ते तापलेलं पाणी रेडिएटरमध्ये जातं, तिथे पंखे त्याला गार करतात आणि ते पुन्हा टाकीत येतं. झाला लूप पूर्ण. पाणी चिपला शिवतसुद्धा नाही.

मोठ्या मशीनमध्ये तर हे फार जुनं आहे. १९८० च्या दशकात आयबीएमचे मोठे मेनफ्रेम पाण्यावर थंड होत. १९८५ चा क्रे-२ हा सुपरकॉम्प्युटर तर अख्खाच्या अख्खा एका वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेला असे! लांब कशाला, पुण्यात आयसरमध्ये सीडॅकचा 'परम ब्रह्म' आहे, त्यालाही द्रवाने थंड करण्याचीच व्यवस्था आहे. तेव्हा ताई, तंत्राला नावं ठेवू नकोस. तंत्र पक्कं आहे.

पण या सगळ्या उदाहरणांत एक गोष्ट सारखी आहे. तिथे पाण्याकडे बघायला पगारी माणूस असतो. कुठली जोडणी कधी तपासायची, पाणी कधी बदलायचं, हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेलं असतं. माझं सगळं म्हणणं या एका मुद्द्यावर उभं आहे. मशीन पाण्याचं आहे की हवेचं, हा माझ्या मते दुय्यम प्रश्न. पाण्याकडे बघणार कोण, हा पहिला.

घराघरातल्या इन्व्हर्टरचंच बघा ना. त्याच्या बॅटरीत दर काही महिन्यांनी पाणी घालायचं असतं, हे प्रत्येकाला माहीत असतं. किती घरांत ते वेळेवर पडतं? दिवे गेल्यावर इन्व्हर्टर दहा मिनिटांत मान टाकतो तेव्हा आठवण होते. आणि ते काम तर बाटली उघडून ओतण्याएवढं सोपं आहे.

कस्टम लूपचं तसं नसतं. साधारण वर्षभराने त्यातलं सगळं पाणी काढायचं, आतून धुवायचं, नवीन भरायचं, हवेचे बुडबुडे काढायचे, मग मदरबोर्डला वीज न देता नुसता पंप चालवून, प्रत्येक जोडणीखाली टिश्यू पेपर ठेवून थेंब पडतोय का ते बघत बसायचं. हौशी माणसाला हा रविवार सणासारखा वाटतो. ज्याला मंगळवारी सकाळी चित्रं द्यायची आहेत, त्याला तो फुकट गेलेला रविवार वाटतो.

बरं, वेळेवर नाही केलं तर काय होतं? चार-पाच गोष्टी होतात, आणि सगळ्या हळूहळू होतात, म्हणून कळत नाहीत.

एक, ब्लॉकच्या आत तांब्याच्या केसांसारख्या बारीक पात्या असतात. रंगीत, विशेषतः दुधाळ कूलंटमधला रंग कालांतराने खाली बसतो आणि त्या पात्यांच्या फटी बुजवतो. मऊ प्लास्टिकच्या नळ्या असतील तर त्या प्लास्टिकला लवचिक ठेवणारं रसायन पाण्यात उतरतं आणि तोच चिकटा तिथे जाऊन बसतो. भाचीने पाठवलेल्या फोटोतलं ते सुंदर पांढरं पाणी मला म्हणूनच जरा खटकलं. चकाकणारी, लहरी दिसणारी काही पाणी तर मुळात प्रदर्शनात चार दिवस मिरवण्यासाठीच केलेली असतात.

दोन, बांधणाऱ्याने स्वस्तात मिळाला म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकबरोबर जोडला असेल, तर शाळेत शिकलेला विद्युतघट आपोआप तयार होतो. दोन धातू आणि मध्ये पाणी. कूलंटमधलं गंजरोधक जोवर ताजं आहे तोवर ठीक, ते संपलं की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं.

तीन, "आमचं कूलंट वीजवाहक नाही" ही जाहिरात पहिल्या दिवशी खरी असते. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाहीच. पण ते धातूंवरून महिनोन्‌महिने फिरत राहिलं की त्यात क्षार उतरतात, आणि मग ते तितकंसं निरुपद्रवी राहत नाही.

चार, फिटिंगमधल्या रबराच्या कड्या जुन्या होतात. पाच, पंप हा शेवटी फिरणारा भाग आहे, तो कधीतरी थकणारच.

हे फक्त घरगुती कारागिरांच्या बाबतीत होतं असंही नाही. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ चं अडीच गिगाहर्ट्झचं मॉडेल द्रवाने थंड होणारं काढलं होतं. एवढी मोठी कंपनी, पेटी कारखान्यात जोडलेली, ग्राहकाने हात लावायचा प्रश्नच नाही. तरी त्यातली बरीच मशीन वय झाल्यावर आतून पाझरली, आणि खालचे भाग गंजले. जुने मॅक जमवणारे लोक आजही ते मॉडेल घेताना आधी खाली वाकून डाग बघतात. पाझरायला त्या मशीनची चूक लागली नाही. वय पुरलं.

आता भाचीची बाजू. ती वेडी नाहीये, आणि तिने कारण सांगितलं ते मला पटलं. तिचं घर वन बीएचके. कॉम्प्युटर हॉलमध्ये, आणि आजीसुद्धा हॉलमध्येच झोपतात. चित्रं रेंडर व्हायला रात्र रात्र लागते. आत्ताच्या मशीनचे पंखे रात्री दोन वाजता असे काही घोंघावतात की आजी उठून बसतात आणि विचारतात, "मिक्सर चालू राहिलाय का गं?" :-) पाण्याचं मशीन शांत असतं, हे तिचं म्हणणं. आणि ते खरं आहे. रेडिएटर मोठे असले की पंखे हळू फिरवून भागतं.

पण यात एक गोष्ट तिला कुणी सांगितली नव्हती. मशीन शांत होईल, खोली गार होणार नाही! पाणी उष्णता संपवत नाही, फक्त इकडून तिकडे नेतं. हे मशीन पूर्ण जोरात चाललं की साधारण साडेचारशे ते पाचशे वॉट खाईल. ते सगळे वॉट उष्णता होऊन हॉलमध्येच येणार, मग मध्ये पाणी असो, हवा असो. पाचशे वॉटचा छोटा हीटर आठ तास चालू ठेवल्यासारखं. म्हणजे चार युनिट वीज आणि मे महिन्यात आजींची झोप उडालेलीच. फक्त कारण बदललेलं.

शिवाय असं पाणी खोलीच्या तापमानापेक्षा गार होऊच शकत नाही. बांधणी चांगली असली तर ते खोलीपेक्षा दहा एक अंशांनी जास्त राहतं. परदेशी व्हिडिओंतली खोली वीस-बावीस अंशांची असते. आपल्याकडे उन्हाळ्यात हॉल पस्तीसला पोचला की पाणी पंचेचाळीसला. त्या कडक नळ्या बहुतेक वेळा पीईटीजी नावाच्या प्लास्टिकच्या असतात, आणि पाणी साठ अंशांच्या पुढे गेलं तर त्या मऊ पडायचा धोका असतो. एखादा पंखा बंद पडला आणि आपण झोपेत असलो तर? आपल्या हवामानात हाताशी राहणारं अंतर तिकडच्यापेक्षा कमी असतं, एवढंच लक्षात ठेवायचं.

(ताईची आणखी एक भीती, पावसाळ्यात आत दव धरेल का? नाही. दव धरायला पृष्ठभाग खोलीपेक्षा गार लागतो, आणि वर म्हटलं तसं तो गार होतच नाही. फ्रिजच्या पाण्याच्या बाटलीसारखं इथे काही होत नाही.)

आता पैशाचं. विकणारा मुलगा लबाड आहे असं मला वाटत नाही. उलट त्याचे पैसे खरोखरच जास्त गेलेले असणार. २०२१ साल आठवा. आरटीएक्स ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेत ६९९ डॉलरला जाहीर झालं, पण त्या किमतीला ते मिळणं म्हणजे लॉटरी. कोविडची टंचाई आणि कार्डांवर चालणारं क्रिप्टोचं मायनिंग, दोन्ही एकदम. पुढे १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवरचं ते मायनिंग थांबलं आणि वापरलेली कार्डं बाजारात आली. म्हणजे त्या मुलाने टंचाईच्या भावात घेतलं, वर ब्लॉक, रेडिएटर, पंप, फिटिंग यांचे वेगळे पैसे, वर नळ्या तापवून वळवण्यात घालवलेल्या रात्री. त्याच्या डोक्यात ही सगळी बेरीज आहे.

पण त्या बेरजेचं ओझं भाचीने का उचलायचं? फ्लॅटच्या फर्निचरचा नियम इथेही लागू. प्रोसेसर, कार्ड, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, पेटी... या प्रत्येकाचा आजचा सेकंडहँड भाव काढायचा आणि बेरीज करायची. लूपचे पैसे शून्य. मी तर म्हणेन शून्याच्याही खाली, कारण घरी आणल्या आणल्या तो उघडून धुवायचाच आहे, आणि त्याचं कूलंट, नवीन कड्या, कदाचित नळ्या, हा खर्च आपला. आम्ही फोनवर बसून अशी बेरीज केली, ती ऐंशी हजारांच्या आत आली. सव्वा लाख आणि ऐंशी हजार यांच्यामधला फरक म्हणजे त्या मुलाची हौस. हौस त्याने उपभोगली. तिची किंमत वसूल झालेली आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो विकणाऱ्याला पहिल्यांदा विचारायचा. "ग्राफिक्स कार्डचा मूळ पंख्याचा कूलर जपून ठेवलायस का?"

प्रोसेसरचं सोपं असतं. हा एएम४ सॉकेट आहे, त्याला बसणारे साधे कूलर बाजारात सहज मिळतात. पण कार्डवर वॉटर ब्लॉक बसवताना मूळ कूलर काढून टाकतात, आणि तो त्या-त्या कार्डच्या बोर्डाच्या मापाचा असतो. ब्लॉकही तसाच, एका कार्डचा दुसऱ्याला बसत नाही. मूळ कूलर असेल, तर कधीही वाटलं की अर्ध्या दिवसात हे मशीन साध्या हवेवर आणता येतं. परतीची वाट उघडी राहते. कूलर हरवला असेल, तर ते कार्ड जन्मभर पाण्याला बांधलेलं, आणि पुढे विकतानाही गिऱ्हाईक तेवढंच कमी. माझ्या मते या एका उत्तरावर दहा-पंधरा हजारांचा फरक करायला हरकत नाही.

आणि मग उरतो पोटापाण्याचा मुद्दा. साध्या मशीनचा पंखा बिघडला तर काय होतं? चिप तापते, आपला वेग आपणच कमी करते, आपण बाजारात जाऊन काहीशे रुपयांचा पंखा आणतो, चार स्क्रू फिरवतो, संध्याकाळी काम चालू. लूपचा पंप बिघडला तर? पाणी काढा, नळ्या सोडवा, पंप मागवा. नाशिकच्या दुकानात तो मिळेल याची खात्री नाही, म्हणजे कुरियरची वाट बघा. मग पुन्हा जोडा, पुन्हा टिश्यू पेपर. तीन-चार दिवस सहज. आणि दुरुस्तीवाला बोलवावा तर, जे दुसऱ्याने हाताने वळवलंय त्याला हात लावायला कुणी लवकर तयार होत नाही. त्या तीन-चार दिवसांत जे आर्किटेक्ट थांबले, ते पुढच्या वेळी दुसरीकडे जातात. भाचीच्या धंद्यात मशीनची किंमत सव्वा लाख नाहीच. बंद पडलेल्या दिवसांची किंमत त्याच्यापेक्षा मोठी आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. ज्या मशीनवर घर चालतं, ते मशीन कस्टम लूपचं, आणि तेही दुसऱ्याने बांधलेलं, घेऊ नये. रात्रीची शांतता हवी असेल तर मोठा हीटसिंक, मोठे संथ पंखे, आणि कार्डची वीज थोडी मर्यादित केली तरी बराच आवाज जातो. रेंडरला थोडा जास्त वेळ लागेल, पण आजी झोपतील. खोलीही थोडी कमी तापेल, कारण वीजच कमी खर्च झाली.

याउलट, ज्याचं मशीन हौसेचं आहे, ज्याला आठवड्याचा एक दिवस स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन बसायला आवडतं, त्याने असं मशीन जरूर घ्यावं. कारण वर सांगितलेल्या हिशोबाने त्याला पंप, रेडिएटर, फिटिंग जवळजवळ फुकट मिळतात, आणि हे भाग स्वच्छ केले तर पुढची अनेक वर्षं, पुढच्या मशीनलाही चालतात. हौशी माणसासाठी यासारखा सौदा नाही. प्रश्न एकच, आणल्यावर पहिल्याच रविवारी सगळं उघडायची तयारी आहे का? असेल तर घ्या. "चालतंय ना, मग कशाला हात लावा" असं म्हणणारा स्वभाव असेल, तर सोडा.

तरीही बघायला जाणार असाल (आणि भाची जाणारच, मला माहीत आहे!), तर काही गोष्टी. मशीन थंड असताना पोचा आणि तुमच्यासमोर सुरू करायला सांगा. किमान अर्धा तास पूर्ण ताण देऊन चालवा, तापमान लिहून काढा. प्रोसेसर भसकन तापत असेल आणि पाणी मात्र कोमटच असेल, तर ब्लॉक तुंबलेला असण्याची शक्यता. फिटिंगच्या कडेला पांढरी-हिरवी पापडी, पेटीच्या तळाला सुकलेले ओघळ, पंपाची घरघर, हे सगळं टॉर्च लावून बघा. पाणी शेवटचं कधी बदललं ते विचारा, आणि रेडिएटरचं नाव विचारून तो तांब्याचा की अ‍ॅल्युमिनियमचा ते शोधा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा २०१७ च्या आधीचा प्रोसेसर असेल तर विचारच करू नका. (५९००एक्सला ती अडचण नाही.) आणि घरी आणायचं ठरलं तर पाणी काढूनच आणा. भरलेला लूप घेऊन कसारा घाटातले धक्के खायला लावू नका.

एक शेवटचं. भाव करताना त्या मुलाच्या कामाला नावं ठेवू नकोस, ही भाचीला विनंती. "यात काय आहे" असं म्हणून किंमत पाडायची आपल्याकडे वाईट सवय आहे. त्याने जे केलंय ते सुंदर आहे, आणि ते विकताना त्याला त्रास होत असणार. "फार छान बांधलंयस, पण मला यातले भाग हवेत, पाणी नको" असं सरळ सांगितलं तर त्यालाही कळेल. कोणी सांगावं, तोच म्हणेल, थांब, मूळ कूलर माळ्यावर आहे, मीच बसवून देतो. तसं झालं आणि आकडा ऐंशीच्या आत आला, तर मात्र खुशाल घे. ताईला मी समजावतो.